बंदूक गेली, हजेरी राहिली

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी पंधराएक किलोमीटरवर होटगीला येते. तिथून एक रूळ सरळ वाडी-रायचूरकडे जातो आणि दुसरा विजापूरकडे वळतो. आज होटगीच्या आसपास सिमेंटचे कारखाने आहेत, फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे आणि मालगाड्यांची ये-जा दिवसरात्र चालू असते. मठासाठी, तलावासाठी आणि जंक्शनसाठी होटगीचे नाव जिल्ह्यात घेतले जाते. पण शंभर वर्षांपूर्वी या फाट्यावरून एक मोठा सरकारी प्रयोग ये-जा करत होता, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. बंदूक, भाला, फासे किंवा नुसती चोरीची बदनामी घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या माणसांना घरसंसाराला लावण्याचा तो प्रयोग होता. त्यासाठी काटेरी तारेचे कुंपण घातले होते.

आधी रेल्वेचे सांगतो, कारण या कहाणीची सुरुवात तिथेच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापुरात पोचली आणि 1871 मध्ये रायचूरपर्यंत गेली. त्यानंतर 1876 ते 1878 चा दुष्काळ पडला. सोलापूर आणि त्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख त्यात होरपळला. धान्य असूनही ते भुकेल्या गावांपर्यंत वेळेवर पोचत नाही, हे सरकारला दिसले. म्हणून पूर्व दख्खनमधून लोहमार्ग काढायचे ठरले आणि 1884 च्या सुमारास होटगीहून विजापूर, बागलकोटमार्गे गदगपर्यंत मीटरगेज गाडी सुरू झाली. ही लाइन सदर्न मराठा रेल्वेची. होटगीला गेज बदलत असल्याने माणसांना गाडी बदलावी लागे आणि माल हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाई.

दुष्काळात ही लाइन उपयोगी पडली, यात शंका नाही. पण तिने एका मोठ्या समाजाचा धंदाही बसवला. त्याआधी धान्य आणि मीठ वाहून नेण्याचे काम लमाण-बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे करत असत. मोगल फौजा, मराठ्यांच्या फौजा आणि इंग्रजांच्या फौजासुद्धा या तांड्यांच्या रसदीवर चालल्या. कैकाड्यांचे दक्षिणेतले भाऊबंद कोरवा मिठाचा फिरता व्यापार करत. गाडीच्या एका वाघिणीत कित्येक बैलांचा माल मावू लागला तसा तांड्याचा पोटाचा रस्ता बंद झाला. रिकाम्या हाताने फिरणारा माणूस पोलिसाच्या नजरेत संशयित ठरला. त्याचा व्यापार बुडाला, हे कुठल्या फौजदारी नोंदवहीत लिहिले गेले नाही. तो भटकतो, एवढेच लिहिले गेले.

शस्त्रांचीही अशीच गत झाली. रामोशी आणि बेरड ही हत्यारबंद माणसे होती आणि त्यांचे हत्यार गावाने मान्य केलेले होते. रामोशी किल्ल्यांचे आणि गावांचे राखणदार. चोरी झाली तर माग काढायचा किंवा भरपाई द्यायची ही त्यांची जबाबदारी, आणि त्याबद्दल त्यांना वतन मिळे. पेशवाई संपताना ही घडी मोडली. पुरंदरच्या परिसरातल्या भिवडीचा उमाजी नाईक बंडात उतरला त्यामागे हे मोडलेले वतन होते. त्याचे बंड नुसत्या बळावर मोडेना, तेव्हा 1827 नंतर सरकारने रामोश्यांना माफी दिली, जमिनी दिल्या आणि डोंगरी पहाऱ्याच्या चाकरीत घेतले. बंदुकीच्या माणसाला घर आणि शेत देऊन शांत करण्याचा हा आपल्याकडचा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. तो टिकला नाही. उमाजीने पुन्हा बंड केले, डिसेंबर 1831 मध्ये तो पकडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढे रामोशी जमातीवर पुस्तक लिहिले. शत्रूच्या हातून लिहिले गेलेले असूनही उमाजीच्या कर्तबगारीची दखल त्याला घ्यावी लागली आहे.

होटगीहून निघणाऱ्या याच लाइनच्या मुलखात, मुधोळ संस्थानात, हलगली नावाचे गाव आहे. 1857 मध्ये सरकारने लोकांकडची हत्यारे काढून घेण्याचा कायदा केला. हलगलीच्या बेरडांनी बंदुका द्यायला नकार दिला. बंदूक म्हणजे त्यांची रोजी आणि त्यांची अब्रू. नोव्हेंबरअखेर फौज आली, गाव जाळले गेले आणि पकडलेल्यांपैकी 19 जणांना डिसेंबरमध्ये फाशी दिली गेली. त्यातल्या तेरा जणांना मुधोळच्या बाजाराच्या दिवशी, सगळ्यांनी पाहावे म्हणून. पुढे 1878 मध्ये हत्यारांचा कायदा आणि जंगलाचा कायदा, दोन्ही एकाच वर्षी आले. एकाने बंदूक परवान्याखाली गेली आणि दुसऱ्याने रान सरकारचे झाले. शिकारीवर जगणाऱ्या पारध्याला आता ससा-तितर धरणे हाही गुन्हा होऊन बसला.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने याचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ हा 1968 चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा विषय ओळखीचा वाटेल. त्याची सुरुवात एका ओसाड स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या तीन बंदूकवाल्यांनी होते. रेल्वे येते आहे, तिच्या वाटेवर स्टेशन आणि वस्ती उभी राहणार आहे, आणि बंदुकीवर जगणाऱ्या माणसांचे दिवस भरले आहेत. घर उभे राहते ते एका विधवेचे; बंदूकवाले एक तर मरतात, नाहीतर निघून जातात. या जातीच्या कितीतरी चित्रपटांचा नायक हाच असतो: हात रक्ताने भरलेला, मनात मात्र एखादे अंगण, बायको, पोर. ‘शोले’ याच घराण्यातला. पण पडद्यावर तो एकटा असतो आणि त्याने खरोखर माणसे मारलेली असतात. आपल्याकडे सरकारने हा प्रश्न एका माणसापुरता ठेवला नाही. अख्ख्या जातींना, त्यांच्या बायकांना, पाळण्यातल्या पोरांना त्यात धरले. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी बंदूक हातात घेतली नव्हती.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला. तो मांडताना जो युक्तिवाद झाला तो असा: या देशात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. हिंदू समाजातल्या जातिव्यवस्थेचा आधार घेऊन परक्या सरकारने जन्माला फौजदारी कलम लावले. आपल्या समाजाने त्याविरुद्ध फारसा आवाज उठवला नाही, कारण तो विचार आपल्याला परका नव्हता. हे कटू आहे, पण सांगायलाच हवे. 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणला आणि 1924 मध्ये त्याचा अंतिम मसुदा झाला.

त्या 1924 च्या कायद्यातली काही कलमे नीट वाचण्यासारखी आहेत. जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंद आणि बोटांचे ठसे. ठरलेल्या वेळी हजेरी. नेमलेली हद्द किंवा वसाहत परवानगीशिवाय सोडली तर पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद, दुसऱ्यांदा दोन, पुढे तीन. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. संशयास्पद स्थितीत सापडला, एवढ्यावरही तीन वर्षांपर्यंत शिक्षा होई. आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. ज्या कायद्याने माणसाला घरसंसाराला लावायचे म्हटले, त्याच कायद्याने त्याचे मूल उचलून नेण्याची सोय करून ठेवली.

मुंबई इलाख्यात या कायद्याला जे रूप आले ते मुख्यतः एका अधिकाऱ्याच्या हातून. ओ. एच. बी. स्टार्ट हे आयसीएस अधिकारी विजापूर जिल्ह्यात असताना तिथल्या हरणशिकारी, घंटीचोर, छप्परबंद अशा जमातींशी त्यांचा संबंध आला. छप्परबंदांवर खोटी नाणी पाडण्याचा ठपका होता. स्टार्टसाहेबांचे म्हणणे साधे होते: आधी काम द्या, मग घर, मग शाळा, आणि मग गुन्हा आपोआप कमी होईल. विजापूरला वसाहत उभी राहिली. त्यानंतर गदग, हुबळी, गोकाक धबधबा, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी वसाहती निघाल्या. विजापूर आणि गदग होटगीच्या लाइनवरच आहेत, हुबळी गदगच्या पुढे, आणि दुसऱ्या टोकाला सोलापूर. जिथे गिरणी, रेल्वे किंवा कालव्याचे काम तिथे वसाहत, हा त्यामागचा हिशेब. ज्या गाडीने तांड्यांचा धंदा बसवला, त्याच गाडीच्या रस्त्याने ही माणसे गिरण्यांच्या गावांत आणून ठेवली गेली.

स्टार्ट वाईट माणूस होता, असे मला वाटत नाही. 1928 मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते. त्याच समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा होते, आणि 1930 मध्ये आलेला तिचा अहवाल आजही अभ्यासला जातो. पण चांगल्या माणसाच्या हाती वाईट कायदा दिला की तो कायदा चांगला होत नाही, फक्त जास्त दिवस टिकतो. सोलापुरात नेमके तेच झाले.

सोलापूरची वसाहत इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवला होता. कैकाडी, टकारी भामटा, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे इथे आणली गेली. गावकरी तिला ‘सेटलमेंट’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. शहराला माणसांची गरज होती. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्यांचे भोंगे दिवसाचे प्रहर मोजत होते आणि दुष्काळी मुलखातून कामगार येत-जात असत. शेतीचा हंगाम आला की गावाकडचा कामगार निघून जाई. तारेच्या आतला माणूस मात्र कुठे जाऊ शकत नव्हता. मालकांना इतका हुकमी मजूर दुसरीकडे मिळणे कठीण.

तारेच्या आतला दिवस कसा असेल याची कल्पना करायला फार वाङ्मयीन प्रतिभा लागत नाही, नियम पुरेसे आहेत. फाटकावर नाव नोंदवून कामावर जायचे, पाळी सुटली की परत येऊन हजेरी द्यायची. परगावी लग्न असो की मयत, चिठ्ठी काढावी लागे. त्या चिठ्ठीवर कुठे जायचे, कोणत्या वाटेने, किती दिवस, हे लिहिलेले असे; मुक्कामाच्या गावी ती पाटलाला किंवा पोलिसाला दाखवायची. होटगीला गाडी बदलून विजापूरकडच्या सोयऱ्यांकडे जाणाऱ्या माणसाच्या खिशात तिकिटाबरोबर ती चिठ्ठी असायला हवी, नाहीतर जंक्शनवरचा एक शिपाई त्याला पुन्हा कैदी करू शकत होता. आणि भामट्यांवर तर रेल्वेतल्या चोऱ्यांचा शिक्काच होता. 1908 मध्ये पोलीस अधिकारी केनेडी यांनी मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पोलिसांसाठी पुस्तक काढले, त्यात एकेका जमातीचा पोशाख, बोली, चोरीची पद्धत अशी वर्णने आहेत. ते पुस्तक डोक्यात ठेवून फलाटावर फिरणाऱ्या शिपायाला प्रवासी दिसत नसे, जमात दिसे.

वसाहतीत फक्त जाच होता असे मात्र नाही. शाळा सक्तीची होती. ज्या जमातींत अक्षरओळख नव्हती त्यांची मुले तिथे लिहायला-वाचायला शिकली, काहींनी सुतारकाम, विणकाम हाती घेतले. आजारपणात औषध मिळे. भांडणतंटे मिटवायला पंच नेमले जात. गिरणीचा पगार ठरलेल्या दिवशी हातात पडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाल ठोकून राहणाऱ्या बाईला चार भिंती आणि रोज त्याच जागी पेटणारी चूल मिळाली. ही चूल छोटी गोष्ट नव्हे. ज्या आयांनी रात्री-बेरात्री पोलीस आल्यावर पोर काखेला मारून पळ काढला होता, त्यांनी या स्थिर घराची किंमत आपल्यापेक्षा जास्त ओळखली असणार. काही वर्षे चांगल्या वर्तणुकीची गेली की कुटुंबाला कुंपणाबाहेर, ‘फ्री कॉलनी’त घर मिळे. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आणि तिचे क्रमांक आजही पत्त्यात लिहिले जातात, आणि ‘उमेदपूर’ हे नावही त्याच काळाचे.

पण फ्री कॉलनीतही हजेरीची वही पाठ सोडत नव्हती. तारेबाहेर आलेला माणूसही यादीतून सुटला नव्हता. शेजारच्या पेठेत घरफोडी झाली की पहिली धाड तिथेच पडे. वर्षानुवर्षे गिरणीत घाम गाळलेल्या माणसाला आणि काल अटक झालेल्या माणसाला कायदा एकाच नजरेने बघत होता. याआधीही असेच घडले होते: माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना इंग्रजांनी जबलपूरला ठेवून तंबू आणि सतरंज्या विणायला लावले, त्यांची मुलेही तिथेच वाढवली. संसार दिला, पण मोकळीक कधी दिली नाही.

तारेच्या आतून प्रतिकार उभा राहिला तो गिरणीच्या वाटेने. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ आला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर शहरातली कामगार चळवळ पुन्हा उभी राहिली ती तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात. लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांनी सेटलमेंटमधल्या कामगारांचाही प्रश्न हाती घेतला. मालकांनी ज्यांना मुकाट मजूर समजून ठेवले होते, ती माणसे सभांना येऊ लागली आणि तार काढा, हजेरी बंद करा, असे म्हणू लागली. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत अभिमानाचा भाग वाटतो. सुधारणा वरून येत होती तोवर ती दयेची होती. ही मागणी मात्र हक्काची होती, आणि ती त्यांनी स्वतः केली.

1937 मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्याने कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखाली या कायद्याचा विचार करायला समिती नेमली. तिचा अहवाल 1939 मध्ये आला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि सोलापूरच्या तारा होत्या तिथेच राहिल्या.

नेमक्या त्याच 1939 साली सोलापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आटपाडीजवळ, दुसराच प्रयोग सुरू झाला. औंध हे 72 गावांचे छोटे संस्थान. आटपाडी हा त्याचा दुष्काळी महाल. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे आणि चित्रकलेचे पुरस्कर्ते म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्यांनी जानेवारी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. त्यात मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचा मोठा वाटा होता, आणि राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत कारभारात होते. फ्रिडमनने आणखी एक कल्पना मांडली: तुरुंगातले कैदी, अगदी खुनाची शिक्षा झालेलेसुद्धा, उघड्या माळावर आणायचे, त्यांना जमीन द्यायची, बायकामुलांना बोलवायचे, आणि भिंत बांधायचीच नाही. राजांनी होकार दिला. वसाहतीला नाव दिले स्वतंत्रपूर.

या दोन वसाहतींतला फरक नीट बघावा. सोलापुरात बहुतेकांनी वैयक्तिक गुन्हा केलेला नव्हता, तरी काटेरी तार होती. आटपाडीला गुन्हा न्यायालयात शाबित झालेली माणसे होती, तरी तार नव्हती. सोलापुरात बायकोपोरे वसाहतीत होती, पण मूल कायद्याने काढून नेता येत होते. आटपाडीत बायकोपोरे जवळ असणे हाच सगळ्या व्यवस्थेचा पाया होता. माणूस रात्री पळून का जात नाही, याचे उत्तर भिंतीत शोधायचे नाही, त्याच्या घरात शोधायचे, असा तो विचार. माणदेशातला माळ खडकाळ, पाऊस तुटपुंजा. तिथे पीक काढणे म्हणजे रोजची झुंज. ज्यांच्या हातांनी एकदा कुऱ्हाड माणसावर चालवली होती, त्यांनी त्याच हातांनी तो माळ फोडला.

माणदेशाच्या मातीतच वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखे बारह हाथ’ काढला. सहा खुनी आणि एक जेलर. चित्रीकरणात बैलाशी झुंज घेताना शांतारामांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले आणि पुढच्या वर्षी गोल्डन ग्लोबचा परदेशी चित्रपटांसाठीचा सन्मान. इटालियन बंदूकपट जन्माला यायच्या आधी मराठी माणसांनी, आपल्याच मातीतल्या घटनेवरून, हत्याऱ्याच्या मनातल्या घराची गोष्ट जगाला सांगितली होती. तिच्यात बंदुकीचा बार नाही. माझ्या मते या विषयावर इतका प्रामाणिक चित्रपट पश्चिमेतही क्वचितच झाला असेल. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, पण स्वतंत्रपूर बंद पडले नाही. आज ते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालते आणि तिथले कैदी कुटुंबासह राहतात.

सोलापूरच्या तारा उशिरा निघाल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा देशभरात शंभराहून अधिक जमाती अजून ‘गुन्हेगार’च होत्या, 15 ऑगस्ट 1947 त्यांच्यासाठी उजाडलाच नाही. मुंबई प्रांताने 1949 मध्ये हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीने देशभर चौकशी केली आणि 31 ऑगस्ट 1952 पासून कायदा सगळीकडून गेला. म्हणून भटके-विमुक्त दरवर्षी 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. महाराष्ट्राने 14 विमुक्त जाती आणि 28 भटक्या जमाती अशी यादी केली. पण दार उघडताना एक फट ठेवली गेली. सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा. जमातीऐवजी आता व्यक्तीचे नाव वहीत जाणार होते, इतकेच. वही कुणाच्या वस्तीकडे आधी उघडते, हे सवयीने ठरलेलेच होते.

ही सवय कशी होती ते लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकाला सांगितले, दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कायदा गेल्यानंतर वाढलेल्या पिढीची ही पुस्तके आहेत, हे विसरू नये. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला, त्यानंतर भिकूजी इदाते यांचा आयोग झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीवर आधारलेला भेदभाव आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारी भाषा घटनाबाह्य ठरवली. म्हणजे ती भाषा 2024 पर्यंत सरकारी पुस्तकांत होती.

सोलापुरातच याच्या उलट काय होऊ शकते तेही दिसले. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. मुळेगाव तांड्यासारख्या, हातभट्टीसाठी बदनाम झालेल्या वस्त्या पोलीस अधिकाऱ्यांनी दत्तक घेतल्या. धाड टाकून भट्टी फोडण्याबरोबरच त्या घराला दुसरा धंदा, प्रशिक्षण, सरकारी योजना मिळवून देण्याची जबाबदारी त्या अधिकाऱ्यावर टाकली. पोलिसाला तांड्यात बसून दुसऱ्या धंद्याबद्दल बोलावे लागले, ही या मुलखाच्या इतिहासात नवी गोष्ट होती. तिचा परिणाम किती टिकतो हे पाहायला वेळ लागेल, पण दिशा आटपाडीची आहे, हे निश्चित.

उमाजी नाईकापासून आजपर्यंत बघत आले की एक गोष्ट स्पष्ट होते. शस्त्र किंवा चोरीचा धंदा सोडायला माणूस बहुतेक वेळा तयार असतो. बायकोपोरे असली की जास्तच. अडते ते त्याचे नाव यादीतून काढायला तयार नसलेल्या समाजाकडून. सोलापूरची वसाहत जिथे यशस्वी झाली, तिथे तारेमुळे नव्हे तर पगार, शाळा आणि पक्के घर यांमुळे झाली, आणि जिथे फसली तिथे तारेमुळे आणि हजेरीमुळे फसली.

आता एक विनंती. 1949 मध्ये तारेच्या आत दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. हजेरीची वही, प्रवासाची चिठ्ठी, गिरणीचे जुने तिकीट, फ्री कॉलनीच्या घराचा कागद, असे काही सोलापूर, होटगी, विजापूर भागातल्या कुणाच्या घरी पेटीत पडून असेल तर ते टाकून देऊ नका. आणि ज्या आजी-आजोबांना फाटकावरची ती हजेरी आठवते, त्यांचे बोलणे आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे. या माणसांबद्दल पोलिसांनी लिहिलेली पुस्तके शंभर वर्षांपासून ग्रंथालयांत आहेत; त्यांनी स्वतः सांगितलेला इतिहास तिथे शेजारी ठेवायचा असेल तर हाती फार थोडी वर्षे उरली आहेत.